रशीदभाईंचं अलगद

मी माझ्या सासऱ्यांना जिवंतपणी मारलं. सकाळच्या वेळी, फोनवरून, एका हातात चहाचा कप असताना.

दोष माझा आहे, हे मला मान्य आहे. पण सगळा नाही. निम्मा दोष आमचे शेजारी रशीदभाई मणेर यांचा आहे. हा गृहस्थ इतका चांगला नसता, तर माझ्यावर ती वेळ आली नसती.

रशीदभाई बारामतीच्या कडेला, जळोचीत, आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. एकटेच. बारामतीच्या पेठेत त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे, आणि बाजाराच्या दिवशी पेटी घेऊन ते इंदापूरच्या बाजूच्या गावांतून फिरतात. दुपारी जेवायला येताना हा माणूस गल्लीच्या तोंडाशीच मोटरसायकल बंद करतो आणि तिथून घरापर्यंत ढकलत आणतो. का, तर गल्लीत लेकरं झोपलेली असतात. गेटची कडी वाजू नये म्हणून ती दोन बोटांत धरून खाली ठेवतो. दारात कुत्रं बसलं असेल तर त्याला "चला, उठता का जरा," असं म्हणतो. कुत्रं उठत नाही. मग रशीदभाई वळसा घालून घरात जातात.

त्यांचा एक शब्द आहे. अलगद.

चहावाल्याला म्हणतील, "अलगद वत रं." न्हाव्याला म्हणतील, "अलगद घे." उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडून, गाणी लावून, ट्रॅक्टर सोमेश्वर साखर कारखान्याच्या रस्त्यानं सुसाट निघालेला असतो, रशीदभाई कडेला उभे राहून ड्रायव्हरला हात करतात, "अलगद, बाळा." त्याला ऐकू जात नाही, पण तो हसून हात करतो. मला आजवर एकाही ट्रॅक्टरवाल्यानं हात केलेला नाही. मला बघून ते हॉर्न वाजवतात.

शाळेत आम्हाला अलगदचा अर्थ 'हळूच' असा सांगितला होता. तो काही खरा नाही. हळूच तर चोरही येतो. 'सावकाश' म्हणावं तर त्यात आळस येतो, 'जपून' म्हणावं तर भीती येते. 'बेतानं' म्हटलं की मीठ-मिरची आली. अलगदमध्ये यातलं काहीच नाही. तान्ह्या बाळाला पाळण्यात ठेवतात ते अलगद. पिकलेलं सीताफळ झाडावरून काढतात ते अलगद. वर्तमानपत्रात मात्र चोरच पोलिसांच्या जाळ्यात अलगद सापडतात, त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. एवढा विचार मी या शब्दाचा केला आहे. आपल्याकडे जे नसतं त्याचाच माणूस इतका विचार करतो.

कारण माझी नोकरी एमआयडीसीतल्या एका दूध कारखान्यात. दिवसभर मशीनवर ओरडून बोलायची सवय. तोच आवाज मी घरी घेऊन येतो. गल्लीत मला भोंगा म्हणतात. तोंडावर नाही म्हणत. पण मला ऐकू येईल इतक्या अंतरावर म्हणतात.

आता मत्सर म्हणाल, तर त्याचं मूळ फार जुनं आहे. माझ्या बायकोचा हात माझ्या आधी रशीदभाईंनी धरला. लग्नातला चुडा त्यांनीच भरला होता. सुनंदा अजून सांगते, "एवढा माझा हात कडक, पण भाईंनी कधी भरल्या कळलंच न्हाई." आणि मी? मी मांडवात सप्तपदीच्या वेळी तिचा हात असा धरला की त्यातल्या दोन बांगड्या गेल्या. तेव्हाही रशीदभाई पुढं होऊन म्हणाले, "वाढल्या, वाढल्या. शुभ हाय." त्यांच्या तोंडी बांगडी कधी फुटत नाही, वाढतेच. माझ्या सासूबाईंनी त्या वेळी माझ्याकडं जे बघितलं, ते बघणं अजून संपलेलं नाही.

त्यांच्या कामाची एक खुबी आहे. बाईला बोलतं ठेवायचं. लेक कुठं दिली, म्हैस व्याली का, सासू कशी आहे. सासूचा विषय निघाला की हात लोण्यासारखा होतो, असं ते म्हणतात. गप्प बसलेल्या बाईचा हात आवळलेला असतो, त्यात बांगडी जात नाही. गेली तर ओरखडा काढून जाते.

या गुणामुळे गल्लीनं त्यांना एक जास्तीचं काम लावून दिलं आहे. नाजूक निरोप असला की रशीदभाई. आमच्या समोरच्या मास्तरांच्या मुलीनं एकदा ठरत आलेल्या स्थळाला नकार दिला. मुलाकडच्यांना सांगायचं कुणी? रशीदभाई गेले. नकार घेऊन गेले आणि पिशवीभर वांगी घेऊन आले. मुलाच्या बापानं शेतातली तोडून दिली होती. वर म्हणाला म्हणे, "भाई, पुन्हा या." मी कुणाकडं लग्नाची पत्रिका द्यायला गेलो तरी चहाच्या आत परत येतो.

घरात तर बोलायची सोय नाही. "भाई कसं बोलत्यात बघा. शिका जरा," हे सुनंदाचं पालुपद. एकदा शिकायचं ठरवलं. भाजी खारट झाली होती, ते अलगद सांगायला घेतलं. आधी तिच्या तब्येतीची चौकशी केली. मग म्हटलं, माणसाच्या आयुष्यात चढउतार असतात. मग जरा थांबलो. तिनं हातातली पोळी खाली ठेवली आणि विचारलं, "नोकरी गेली का?"

तर अशी माझी तयारी. आणि त्यात तात्या पडले.

तात्या म्हणजे माझे सासरे. गाव इंदापूरच्या अलीकडं. सकाळी गोठ्यात पाय घसरला आणि खुबा मोडला. माझा मेव्हणा दत्ता त्यांना शेजाऱ्याच्या गाडीत घालून थेट बारामतीला दवाखान्यात घेऊन आला. सासूबाईंना "थोडं लागलंय" एवढंच सांगितलं होतं. धारा काढायच्या म्हणून त्या मागं राहिल्या. डॉक्टरांनी फोटो काढले, दुखायचं थांबायला इंजेक्शन दिलं, ऑपरेशन उद्या सकाळी करू म्हणाले. आता गावी नीट कळवायचं होतं आणि सासूबाईंना घेऊन या म्हणायचं होतं. दत्ता कागदपत्रांत अडकलेला.

सुनंदा म्हणाली, "रशीदभाईंना सांगा. ते करतील फोन."

माझे सासरे, माझी सासुरवाडी, आणि फोन करणार बांगडीवाला. मी म्हटलं, "मी करतो. अलगद करतो."

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्या भागात माणूस गेला, तर गेला असं पाहुण्यांना कुणी फोनवर सांगत नाही. "जरा सिरियस हाय," म्हणतात. "जेवून निघा," म्हणतात. कारण एकदा कळलं की घरात चूल पेटत नाही, आणि पाहुण्यांना लांबून उपाशी यावं लागतं. त्यामुळं कुणी फोनवर फार मायेनं बोलायला लागलं, की ऐकणारा मनातून टोपी काढतो. ही रीत मला चांगली ठाऊक आहे. पण त्या सकाळी माझ्या डोक्यात फक्त रशीदभाई होते.

मी तात्यांच्या चुलतभावाला, आबांना, फोन लावला.

"आबा, बसलाय का?"

"उभा हाय. का वो?"

"बसा जरा. पाणी पिऊन घ्या."

पलीकडं खाटेची करकर झाली. "बोला, जावयबापू."

"काळजी करण्यासारखं काही नाही. तात्यांना बारामतीला आणलंय."

"कसं हाय त्यांचं?"

"आता त्यांना कसलाच त्रास नाही. शांत झोपलेत."

पलीकडून आवाज आला नाही. मला वाटलं, काय छान जमतंय. मी आणखी मऊ झालो. "सगळे जेवून निघा. आईंनाही सांभाळून सांगा. आणि घाई करू नका आबा, आता घाई करून काही उपयोग नाही..."

फोन कटला. पुढचं "ऑपरेशन उद्या आहे" हे मी कपातल्या चहाला सांगितलं.

"सांगितलं?" सुनंदानं विचारलं.

"सांगितलं," मी म्हटलं. "रडले नाहीत, ओरडले नाहीत. नुसते गप्प झाले."

आम्ही दोघं दवाखान्यात तात्यांपाशी होतो, आणि दुपारच्या आत गावाकडची पिकअप दारात लागली. बायकांचा हंबरडा आधी आत आला, मग बाया आल्या. आबांच्या हातात झेंडूचा हार. तात्या खाटेवर टेकून बिस्किट चहात बुडवत होते. ते बिस्किट चहातच राहिलं. आबांनी तात्यांकडं बघितलं, मग हाराकडं बघितलं, आणि हार पाठीमागं धरला. एक म्हातारी तात्यांना बघून आणखी मोठ्यानं रडायला लागली.

"कोण गेलं?" तात्यांनी विचारलं.

तेवढ्यात दत्ताच्या फोनवर भावकीच्या ग्रुपमधली श्रद्धांजली आली. तात्यांचा फोटो, वर दोन समया, खाली हात जोडलेले. दत्ता लपवायला गेला, पण तात्यांनी हात पुढं केला. चष्मा लावून त्यांनी सगळं नीट वाचलं. म्हणाले, "फोटो कुणी निवडला? ह्यात म्या आजारी दिसतोय."

लोक हसायला लागले. मीही हसलो. मग तात्यांनी विचारलं, "आन् ती कुठं हाय?"

हसणं थांबलं. आबा जमिनीकडं बघत म्हणाले, "वहिनीला सांगितलं, तवा उंबऱ्यावर दोन्ही हात आपटलं तिनं. आमी धरायच्या आत. समद्या बांगड्या..." रशीदभाईंचा 'वाढल्या' हा शब्द त्या जागी कुणालाच वापरता येत नव्हता. बॉडी गावाकडंच येणार म्हणून दोन बायका सासूबाईंपाशी बसवून हे सगळे निघाले होते.

सुनंदानं फोन लावला, तात्यांशी बोलणं करून दिलं. सासूबाई खूप रडल्या. पण यायला तयार होईनात. "मोकळ्या हातानं जित्या माणसाच्या म्होरं कशी येऊ? आन् पुन्हा भरणार न्हाय. माझ्या हातानं म्या फोडल्यात. पुन्हा भरल्या आन् उद्या टेबलावर काय झालं, म्हंजे?"

तात्यांनी फोन खाली ठेवला आणि डॉक्टरांना सांगितलं, "ती आल्याबिगर म्या आत जात न्हाय. खुबा ऱ्हाऊ द्या तसाच."

डॉक्टर म्हणाले, या वयात एक दिवससुद्धा घालवणं बरं नाही. झोपून राहिले की छातीत कफ धरतो, मग हाताबाहेर जातं.

सुनंदानं माझ्याकडं बघितलं. आईसारखंच बघितलं. म्हणाली, "आता तरी रशीदभाईंना बोलवा."

रशीदभाई दुकान बंद करून पेटी घेऊन आले. काय झालं ते मी गाडीत सांगितलं. त्यांनी मधे एकदाही 'असं कसं बोललात' म्हटलं नाही. म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. इंदापूरच्या रस्त्याला लागल्यावर एवढंच म्हणाले, "तुमी आत यायचं, बरं का. बाहेर थांबू नका."

सासूबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. दोन्ही हात पदराखाली. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं. रशीदभाईंनी पाणी मागून हात धुतले, लांबच सतरंजीवर बसले, पेटी उघडली आणि हिरव्या बांगड्या एका कापडावर मांडत राहिले.

"आक्का, हात देता?"

"न्हाय, भाई. तुमी उगा आला."

"बरं."

त्यांच्या जागी मी असतो तर एव्हाना शपथा घातल्या असत्या. रशीदभाई एकेक बांगडी उजेडाला धरून बघत होते. बऱ्याच वेळानं, बांगडीकडंच बघत म्हणाले, "आक्का, हे जावई म्होरं बसल्यात. ह्यांना काय बोलायचं हाय का?"

"जावयाला काय बोलायचं असतंय?"

"आज चालतंय. ह्यांनीच तर केलंय समदं."

मी रशीदभाईंकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते.

सासूबाईंनी तोंड माझ्याकडं वळवलं. मग म्हणाल्या, "घाई करून उपेग न्हाय म्हणं. आवं, माणूस जिता हाय एवढं सांगायला किती येळ लागतोय? त्याला पाणी प्या कशाला? त्याला खाली बसा कशाला?"

"व्हय," रशीदभाई म्हणाले.

"पहिल्यापासनं असंच हाय ह्यांचं. मांडवात पोरीचा हात धरला का बैलाची येसण धरली? पंगतीत श्रीखंड तीनदा मागितलं. बारशाला आलं ते पाळणा हलवायला, पाळण्याची कडीच निघाली. परवा दिवाळीला फटाका लावला तो गोठ्याच्या तोंडाला..."

माझा साठा मोठा आहे, लवकर संपायची भीती नव्हती. साठा उघडत गेला तसा त्यांचा आवाज चढत गेला. "हे, हे माणूस," असं म्हणत त्यांचा उजवा हात पदरातून बाहेर आला, माझ्याकडं बोट करून. रशीदभाई कधी सरकून जवळ आले होते ते मलाही कळलं नव्हतं. त्यांनी तो हात हवेतच धरला. झाडावर बसलेलं पाखरू उडू नये असा. मनगटावर काचेचं लागलं होतं, ती जागा अंगठ्यानं झाकून त्यांनी पहिली बांगडी चढवली.

सासूबाई बोलत होत्या. दिवाळीवरून त्या माझ्या जुन्या स्कूटरवर आल्या, स्कूटरवरून माझ्या आईवर. एक हात भरला, तेव्हा माझ्यावर रोखायला त्यांना दुसरा हात काढावा लागला. तोही रशीदभाईंनी घेतला. मी मान खाली घालून बसलो होतो आणि खरं सांगतो, तिथंही मला हेवा वाटत होता. मला शिव्या पडत होत्या, आणि त्या शिव्यांवरसुद्धा हा माणूस काम करून घेत होता.

शेवटची बांगडी चढली आणि हातभर बांगड्या किणकिणल्या. सासूबाई थांबल्या. त्यांनी हातांकडं बघितलं. मग ते दोन्ही हात तोंडावर घेऊन रडल्या. रशीदभाई पेटी आवरत होते. फार वेळ आवरत होते, तेवढं काही तिच्यात नव्हतं.

मग उठून सासूबाईंनी तोंड धुतलं, लुगडं बदललं, तात्यांसाठी शिरा केला. निघताना चहा झाला. रशीदभाईंना मानाची कपबशी, मला स्टीलचा पेला.

परत येताना सासूबाई मागं बसल्या, डबा मांडीवर घेऊन. उन्हं उतरली होती. कालव्याच्या कडेनं उसाच्या बैलगाड्या चालल्या होत्या. मागं काही हालचाल नव्हती. मला वाटलं डोळा लागला असेल. मी विचारलं, "भाई, त्या हात बाहेर काढतील हे तुम्हाला आधीच कसं कळलं?"

"कळलं कुठं? हात सांगतोय. माणूस लपवतंय, हाताला न्हाय लपवता येत." मग ते बाहेर बघत राहिले. मला वाटलं, संपलं. पण ते बोलायला लागले, माझ्याशी नाही, काचेशी.

"माझी बायको, शमीम, पुण्याला दवाखान्यात होती तवा. तुमी जळोचीत यायच्या आधीचं हे. म्या एक दिवस दुकानात आलो, नवरीचा चुडा होता म्हणून. शेजारच्या दुकानात फोन आला. पेठेत समद्यांना कळलं, पण मला सांगंना कुणी. चुडा मधी थांबवत न्हाईत, अपशकुन असतोय. मग आपसात म्हणाले, आधी होऊ द्या पोरीचा चुडा. माणसं दारात येत होती आन् माघारी जात होती. मला वाटलं गिऱ्हाईक हाय."

"मग कुणी सांगितलं?"

"कुणीच न्हाय. नवरीच्या आईनं हात म्होरं केला, तिला बी भरायच्या होत्या. हात लाकडावाणी झालेला. पोरीच्या लग्नात आईचा हात असा नसतोय. म्या म्हटलं, बाई, काय झालं? ती रडायला लागली. तवा कळलं."

मी गाडी हळू केली होती.

"मग तुम्ही?"

"मग काय. तिचा दुसरा हात ऱ्हायला होता. तेवढा भरला आन् निघालो. कुणी चुकलं असं न्हाय. पर एकानं कुणीतरी येऊन जवळ बसायला पायजे होतं. कसंबी सांगितलं असतं तरी चाललं असतं. घरी आलो तर कडी वाजली केवढ्यानं, तवा आत कुणी न्हाय हे पक्कं झालं."

इतकी वर्षं मी या माणसाच्या आवाजावर जळत होतो, आणि भिंतीपलीकडून कधी बोलणं का ऐकू येत नाही हे मी कधी विचारलं नव्हतं. काहीतरी चांगलं बोलावं, मऊ बोलावं असं फार वाटलं. मी घसा साफ केला. म्हटलं, "भाई, मी तेव्हा शेजारी असतो ना, तर मी येऊन तुम्हाला सांगितलं असतं."

रशीदभाई माझ्याकडं वळून हसले. काही म्हणणार होते.

त्याआधी मागून आवाज आला. "तुमी सांगितलं असतं जावयबापू, तर भाईबी तिथंच गेलं असतं. म्होरं बघून गाडी चालवा."